४८८ जीबी गेले कुठे? मखमलाबाद रोडवरच्या एका घरातलं प्रकरण

गणपती विसर्जन होऊन आठवडा झाला असेल. सकाळी साडेसातला काकांचा फोन आला. काका एरवी आधी घरातल्या प्रत्येकाची चौकशी करतात आणि मग कामाचं बोलतात. त्या दिवशी थेट म्हणाले, "अगं, माझी डी ड्राइव्ह गेली. दुकानवाला म्हणतो, उडाली."

काका म्हणजे माझ्या वडिलांचे चुलत भाऊ. घर नाशिकमध्ये मखमलाबाद रोडला, द्राक्षबाग दिंडोरी तालुक्यात मोहाडीच्या शिवारात. मी अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात संगणकांची देखभाल बघते, त्यामुळे नात्यातल्या कुणाचाही संगणक रुसला की फोन मला येतो. हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवतेय, कारण यात बिघाड असा काहीच झाला नव्हता. काकांची एकही फाइल जागची हललेली नव्हती. तरीही ती सगळी कायमची जायची वेळ एकाच दिवसात दोनदा आली होती.

त्या डीमध्ये काय होतं ते आधी सांगते. २०१० साली युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढ रोखणाऱ्या रसायनाचे अंश सापडले. बागायतदार त्याला सीसीसी म्हणतात. कंटेनर अडकले, माल नाकारला गेला. तो हंगाम नाशिक जिल्ह्यातली कितीतरी घरं अजून विसरलेली नाहीत. काका त्यातलेच. तेव्हापासून त्यांनी फवारणीची नोंद वहीतून संगणकावर आणली. कोणता प्लॉट, कोणती तारीख, कोणतं औषध, किती लिटर पाण्यात, आणि काढणीला किती दिवस बाकी असताना. आधी एका जुन्या संगणकावर, मग २०१२ साली घेतलेल्या डेस्कटॉपवर. दर हंगामाचं एक फोल्डर, त्यात प्लॉटवार एक्सेल. शिवाय औषधांच्या बिलांचे फोटो, माती आणि देठ परीक्षणाचे अहवाल, आणि घरातल्या दोन लग्नांचे फोटो. ऑक्टोबर छाटणी तोंडावर आली होती. मागच्या वर्षी कोणत्या प्लॉटला कात्री कधी लागली, डोळे फुटायला पेस्ट कधी लावली, फूट कशी निघाली, हे पुढ्यात घेऊनच ते यंदाच्या तारखा ठरवतात. त्यामुळे काकांच्या आवाजातली घाई मला लगेच कळली.

झालं होतं असं. संगणक फार रेंगाळायला लागला म्हणून त्यांनी तो शहरातल्या एका दुकानात दिला. दुकानाने सल्ला योग्य दिला होता: २४० जीबीची एसएसडी, म्हणजे नव्या प्रकारची वेगवान डिस्क, बसवायची, तिच्यावर नवं विंडोज टाकायचं आणि जुनी १ टीबीची हार्ड डिस्क डेटासाठी आतच ठेवायची. चार दिवसांनी संगणक घरी आला, झटपट सुरूही झाला. काकांनी सवयीने डी उघडली, तर आत 'विंडोज', 'प्रोग्राम फाइल्स', 'युजर्स' अशी फोल्डरं. द्राक्षांचं नाव नाही. दुकानात फोन केला, तर तिथल्या माणसाने सांगितलं, "काका, तुमच्या डीवर विंडोज पडलेलं दिसतंय. डेटा गेला समजा. रिकव्हरीला पाठवायचं तर खर्च हजारांत जाईल आणि हमी नाही. नाहीतर फॉरमॅट मारा, निदान जागा तरी वापरता येईल."

ही पहिली वेळ. काकांनी फॉरमॅट मारलं नाही, कारण त्यांना ते कसं मारायचं हे माहीत नव्हतं.

मी फोनवर एवढंच सांगितलं की संगणक बंद करा, संध्याकाळी येते, तोवर त्यात काहीही भरू नका. डेटा खरोखर पुसला गेला असेल तर त्या जागेवर पडणारी प्रत्येक नवी फाइल जुन्या फाइलची परत मिळण्याची शक्यता कमी करते. पण काकांचा नातू बारावीत आहे, चुणचुणीत आहे आणि त्याच्याने स्वस्थ बसवलं नाही. दुपारी त्याचा फोन आला. डिस्कचे भाग दाखवणारं विंडोजमधलं साधन त्याने उघडलं होतं. "आत्या, मी डिस्क मॅनेजमेंट उघडलंय. खाली एक मोठा डबा दिसतोय, त्याला अक्षरच नाहीये. राइट क्लिक केलं तर सगळे पर्याय फिकट आहेत, फक्त 'डिलीट व्हॉल्यूम' काळा आहे. तो दाबू का?"

ही दुसरी वेळ. मी म्हटलं, "हात माउसवरून काढ. खिडकी बंद कर. आणि त्या डब्यावर आकडा किती लिहिलाय तेवढं सांग."

तो म्हणाला, "४८८.२८ जीबी."

तिथेच माझा जीव अर्धा भांड्यात पडला. त्या आकड्याने का, ते समजून घेण्यासारखं आहे.

गोदावरीला पूर आला की नाशिककर दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतात. पाणी कमरेला, छातीला की गळ्याशी, यावर सगळ्या गावाला अंदाज येतो. डिस्कच्या बाबतीत तसं माप म्हणजे आकारमान. ड्राइव्हचं अक्षर बदलतं, नाव बदलतं, पण पार्टिशनचा, म्हणजे डिस्कच्या पाडलेल्या भागाचा, आकार मुद्दाम कुणी बदलल्याशिवाय बदलत नाही. १ टीबीची डिस्क म्हणजे बनवणाऱ्याच्या हिशोबाने दहा हजार कोटी गुणिले दहा, म्हणजे एकावर बारा शून्यं इतके बाइट, प्रत्यक्षात किंचित जास्तच. विंडोज १०२४च्या पटीत मोजतं, म्हणून तीच डिस्क तिथे ९३१.५१ जीबी दिसते. यात चोरी नाही, फक्त मोजण्याच्या दोन पद्धती आहेत.

संध्याकाळी काकूंच्या हातचा चहा बाजूला ठेवून मी 'धिस पीसी' आणि डिस्क मॅनेजमेंट उघडलं आणि एका कागदावर आकडे मांडले. सी २२३ जीबी, ती नवी एसएसडी. डी १४६.४८ जीबी. ई २९६.६५ जीबी. एफ फक्त १०० एमबी, नाव 'सिस्टिम रिझर्व्ह्ड'. एसएसडी वगळली तर जुन्या डिस्कवरच्या तिन्हींची बेरीज ४४३.२३ जीबी होते. ९३१.५१मधून ती वजा केली की उरतात ४८८.२८. नातवाने दुपारी सांगितलेला आकडा, दशांशापर्यंत.

४८८.२८ म्हणजे बरोबर ५,००,००० एमबी भागिले १०२४. तसंच १४६.४८ म्हणजे १,५०,००० एमबी. २०१२ साली विंडोज ७ टाकताना कुणीतरी हाताने गोल आकडे टाइप करून पार्टिशन पाडले होते: १०० एमबीचा सिस्टिम रिझर्व्ह्ड विंडोज ७ने स्वतः घेतला, मग दीड लाख एमबीची सी, पाच लाखांची डी, आणि उरलेली ई. आज जी 'डी' म्हणून दिसत होती ती १४६ जीबीची होती. म्हणजे ती काकांची डी नव्हतीच, ती जुनी सी होती! तिच्यात विंडोज असणारच.

इथेच दुकानातल्या माणसाचा आणि काकांचा दोघांचाही घोटाळा झाला होता. सी, डी, ई ही अक्षरं डिस्कवर कुठे कोरलेली नसतात. विंडोज ती स्वतःच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंगांच्या नोंदवहीत, ठेवतं. नवं विंडोज टाकलं की कोरी रजिस्ट्री येते आणि ते समोर दिसणाऱ्या पार्टिशनना पुन्हा पहिल्यापासून अक्षरं वाटतं. मधली एक पार्टिशन त्याला 'दिसली' नाही, म्हणून पंगतीत तिचं पान वाढलं गेलं नाही आणि डी हे अक्षर दुसऱ्याच्या ताटात पडलं.

मग प्रश्न उरला, ती दिसली का नाही?

घरच्या संगणकात पार्टिशन नजरेआड होण्याची कारणं मोजकीच असतात, आणि बहुतेकांची खूण वेगळी. सर्वांत साधं म्हणजे अक्षर नसणं. तसं असतं तर डिस्क मॅनेजमेंटमध्ये राइट क्लिक केल्यावर 'चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स' हा पर्याय काळा दिसला असता, आणि दोन मिनिटांत काम संपलं असतं. दुसरं, कुणी रजिस्ट्रीत 'नोड्राइव्ह्ज' नावाची नोंद करून ठेवणं. घरात लहान मुलं असली की काही जण हे करतात. त्यात अक्षर शाबूत असतं, डिस्क मॅनेजमेंटमध्ये ते दिसतंही, फक्त 'धिस पीसी'मधून चित्र गायब होतं. तिसरं, त्या पार्टिशनवर लिनक्सची, म्हणजे विंडोजऐवजी वापरायच्या दुसऱ्या एका प्रणालीची, फाइल पद्धत असणं. विंडोजला ती वाचता येत नाही, आणि तिला अक्षर मिळालंच तर ते लगेच 'वापरायच्या आधी फॉरमॅट करावं लागेल' म्हणून विचारतं. त्या प्रश्नाला 'कॅन्सल' हे एकच उत्तर आहे. काकांच्या संगणकावर लिनक्स कधी नव्हतं. आणि अख्खी डिस्कच ऑफलाइन झाली असती, तर तिच्यावरच्या बाकीच्या पार्टिशनही दिसल्या नसत्या.

मग राहिलं चौथं, आणि 'लपवलेली' हा शब्द खऱ्या अर्थाने त्यालाच लागू पडतो. जुन्या एमबीआर पद्धतीच्या डिस्कच्या पहिल्याच सेक्टरमध्ये, म्हणजे डिस्कवरच्या पहिल्याच छोट्या कप्प्यात, एक छोटा तक्ता असतो. त्यात चार ओळी, म्हणून एमबीआरवर मुख्य पार्टिशन चारच. प्रत्येक ओळीत सुरुवात कुठे, लांबी किती, आणि प्रकार सांगणारा एक बाइट. एनटीएफएसचा, म्हणजे विंडोजच्या नेहमीच्या फाइल पद्धतीचा, प्रकार ०७. त्यात षोडशमान पद्धतीने १० मिळवले की १७ होतो, आणि १७चा अर्थ 'एनटीएफएस, पण लपवलेलं'. बास, एका बाइटचा फरक. आतल्या फाइलींना धक्काही लागत नाही, पण विंडोज १७ बघतं आणि त्या पार्टिशनला ओळख देत नाही. अक्षराचा पर्याय फिकट, फक्त 'डिलीट' काळा, हे दुपारचं वर्णन याच्याशी जुळत होतं.

खात्रीसाठी कमांड प्रॉम्प्ट प्रशासक म्हणून उघडला आणि 'डिस्कपार्ट' सुरू केलं. या साधनाबद्दल माझं मत स्पष्ट आहे: त्यात बघण्याच्या आणि बदलण्याच्या आज्ञा शेजारी शेजारी राहतात आणि ते 'खरंच करू का?' असं विचारत नाही. म्हणून नातवाला शेजारी बसवून मी प्रत्येक आज्ञा आधी तोंडाने म्हटली, मग टाइप केली. 'लिस्ट डिस्क'. दोन डिस्क आल्या, ० म्हणजे एसएसडी आणि १ म्हणजे ९३१ जीबीवाली. 'सिलेक्ट डिस्क १'. 'लिस्ट पार्टिशन'. चार ओळी, तिसरी ४८८ जीबी. 'सिलेक्ट पार्टिशन ३'. आणि मग 'डिटेल पार्टिशन'.

पडद्यावर आलं: टाइप १७. हिडन, येस.

काका चष्मा वर करून वाकून बघत होते. म्हणाले, "म्हणजे आहे?" म्हटलं, "काका, आहे. जिथे होती तिथेच आहे."

यानंतर एक आज्ञा दिली की ड्राइव्ह समोर आली असती. मी ती त्या रात्री दिली नाही, आणि नातवाला याचं फार आश्चर्य वाटलं. तो बाइट बदलणं सुरक्षित आहे हे मला माहीत आहे. पण डिस्क बारा वर्षांहून जुनी, तिच्यावरच्या नोंदींची दुसरी प्रत जगात कुठेही नाही, आणि ज्या दिवशी आपण घाईत असतो त्याच दिवशी चुकीच्या डिस्कचा नंबर टाइप होतो. लिहिण्याआधी प्रत घ्यायची, हा नियम मी स्वतःच्या डिस्कसाठीही मोडत नाही.

दुसऱ्या दिवशी लिनक्सची लाइव्ह पेन ड्राइव्ह आणि एक बाहेरची डिस्क घेऊन गेले. संगणक पेन ड्राइव्हवरून सुरू केला की आतल्या डिस्कवर काही न लिहिता काम करता येतं. आधी डिस्कची प्रकृती पाहिली. डिस्क स्वतःच्या तब्येतीच्या नोंदी स्वतः ठेवते, त्यांना स्मार्ट म्हणतात. त्यातले दोन आकडे मी आधी बघते: बदलून घेतलेले सेक्टर आणि वाचता न येणारे, निकालाच्या प्रतीक्षेतले सेक्टर. दोन्ही शून्य. डिस्क म्हातारी, पण धडधाकट.

मग 'एलएसबीएलके -एफ' ही आज्ञा. ती फक्त यादी दाखवते, काही बदलत नाही. तिच्यात 'एसडीबी३' समोर सरळ 'एनटीएफएस' लिहून आलं, त्यापुढे लेबलही: 'बाग'. काकांनी बारा वर्षांपूर्वी ड्राइव्हला दिलेलं नाव. लिनक्स फाइल पद्धत ओळखताना तक्त्यातल्या प्रकाराच्या बाइटवर विसंबत नाही, पार्टिशनच्या आत डोकावून बघतं. म्हणून विंडोजपासून लपलेलं त्याच्यापासून लपत नाही. कुणी खासगी काही लपवण्यासाठी या पद्धतीवर भिस्त ठेवत असेल, तर हे लक्षात घ्यावं. लपवणं म्हणजे कुलूप नव्हे. कुलूप हवं असेल तर बिटलॉकरसारखं एन्क्रिप्शन लागतं, आणि त्याची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवावी लागते.

पार्टिशन फक्त वाचण्यापुरती जोडली (माउंट केली). फोल्डर उघडलं. '२०१२-१३', '२०१३-१४', असं करत अगदी या वर्षीच्या एप्रिलच्या खरड छाटणीपर्यंत. काकूंनी मागून विचारलं, "लग्नाचे फोटो?" तेही होते. सगळं मिळून ११८ जीबी. जुन्या संगणकाचं यूएसबी २.० पोर्ट, त्यात हजारो लहान लहान फोटो, त्यामुळे प्रत व्हायला पावणेदोन तास लागले. तेवढ्या वेळात काकूंनी जेवू घातलं. प्रत झाल्यावर पाच-सहा एक्सेल आणि वेगवेगळ्या वर्षांचे फोटो बाहेरच्या डिस्कवरून उघडून पाहिले. नुसती नावं दिसली म्हणजे प्रत झाली, असं मी धरत नाही.

आता विंडोजमध्ये परत. डिस्कपार्ट, डिस्क १, पार्टिशन ३, पुन्हा एकदा 'डिटेल' बघून खात्री, आणि मग 'सेट आयडी=०७'. एक ओळ उमटली की प्रकार बदलला. शेवटचं काम अक्षरांचं. जुन्या सीला चिकटलेलं डी हे अक्षर काढून तिला डब्ल्यू दिलं आणि खऱ्या डीला डी परत दिलं. हे नुसतं दिसण्यासाठी नव्हतं. काकांच्या एका एकत्रित एक्सेलमध्ये प्लॉटवार फाइलींचे दुवे होते आणि ते सगळे डीपासून सुरू होणाऱ्या मार्गांवर होते. अक्षर बदललं असतं तर डेटा असूनही निम्मे रकाने चुकले असते. १०० एमबीच्या एफचं अक्षर काढून टाकलं. ती जुन्या विंडोजची सुरू होण्याची जागा, तिच्यात घरच्यांनी बघण्यासारखं काही नाही.

हे केलं कुणी, ते काकांना जाणून घ्यायचं होतं. मी दुकानात गेले, भांडायला नाही, विचारायला. उलगडा झाला. ज्या कारागिराने एसएसडी बसवली त्याने ४८८ जीबीची ड्राइव्ह बघून ओळखलं की डेटा इथे आहे. विंडोज टाकताना चुकून तिच्यावर हात पडू नये म्हणून त्याने पार्टिशनच्या एका सॉफ्टवेअरने ती 'हाइड' केली. सावधगिरीच होती ती. मग त्याची सुट्टी आली, उरलेलं काम दुसऱ्याने पूर्ण केलं, आणि ही गोष्ट कुठेच लिहिलेली नव्हती. फोनवर 'डेटा गेला' सांगणारा तिसराच. मला राग त्या तिसऱ्याचा आहे. लपवणाऱ्याने काळजी घेतली होती. पण डिस्क समोर नसताना, एकही आकडा न विचारता 'फॉरमॅट मारा' म्हणणं, हे दुसऱ्याच्या बारा वर्षांशी खेळणं आहे. दुकानाने चूक मान्य केली आणि आता काम घेताना ड्राइव्हची अक्षरं आणि आकार पावतीवर लिहून घेऊ असं सांगितलं.

जाता जाता काकांच्या सुनेने तिचा नवा लॅपटॉप पुढे केला. "वन्सं, माझ्यातही असं काही लपलेलं आहे का बघा ना." होतं. नव्या लॅपटॉपवर एमबीआरऐवजी जीपीटी ही नवी पद्धत असते, तिथे चाराची मर्यादा नाही, विंडोज १२८पर्यंत पार्टिशन चालवतं. डिस्क मॅनेजमेंटमध्ये सीच्या अलीकडे १०० एमबीची ईएफआय सिस्टिम पार्टिशन दिसली आणि पलीकडे रिकव्हरी पार्टिशन. डिस्कपार्टमध्ये आणखी एक १६ एमबीची 'रिझर्व्ह्ड' दिसली, जी डिस्क मॅनेजमेंट दाखवतच नाही. या तिन्ही मुद्दाम लपलेल्या असतात आणि त्यांनी लपूनच राहावं. ईएफआय पुसली तर लॅपटॉप सुरूच होणार नाही. रिकव्हरी पुसली तर आज काही बिघडणार नाही, पण ज्या दिवशी विंडोज अडेल त्या दिवशी दुरुस्तीचं दार बंद असेल. 'रीएजंटसी', मग जागा सोडून '/इन्फो', ही आज्ञा दिली की दुरुस्तीची सोय चालू आहे का आणि कोणत्या पार्टिशनवर आहे, ते कळतं. तिच्या लॅपटॉपवर चालू होती. तिला म्हटलं, बघून झालं, आता खिडकी बंद कर.

निघताना काकांनी कागद मागितला. त्यावर मी लिहून दिलं: जुनी डिस्क, १ टीबी, एमबीआर, १०० एमबी, १४६.४८, ४८८.२८ बाग, २९६.६५; एकूण ९३१.५१. काकांनी तो कपाटाच्या दाराला आतून चिकटवला, जिथे औषध कंपन्यांची दिनदर्शिका आणि प्लॉटचे नकाशे लावलेले असतात. मग खुर्ची ओढून बसले, डी उघडली, मागच्या हंगामाचं फोल्डर काढलं आणि वहीत पहिल्या प्लॉटच्या छाटणीची तारीख टाकली.